खिळ्यावर टांगलेले बॅज

देवानंद अवसरमोल तोंडाने फटकळ आहे, हे चिखली तालुक्यात कोणालाही विचारा. सव्वीस वर्षं तो गावातल्या एका हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. मनगट मोडलेला एक माणूस आणि त्याच्यामागे आत घुसलेले चार, असं दिसलं की त्याचा पारा चढतो. “आधी फोटो निघू द्या, मंग बसा त्याच्या मांडीवर,” असं तो सरपंचालाही सुनावतो आणि स्वतःच्या व्याह्यालाही. दारावर लाल अक्षरांत सूचना आहे, वर दिवा आहे, तरी लोक आत येतातच. आपल्या माणसाला बंद खोलीत एकटं सोडणं इथल्या कोणालाच जमत नाही.

मागच्या उन्हाळ्यात उंद्रीचे माणिकराव असेच अडून बसले. त्यांची बायको बनाबाई न्हाणीत घसरून पडली होती, खुबा दुखत होता. बनाबाई टेबलावर आणि माणिकराव तिचा हात धरून शेजारी, तंबाखू मळत.

“बाहेर व्हा,” देवानंद म्हणाला.

“काऊन? काय होते उभं राह्यलं तं? काई दिसत तं नाही.”

“दिसत नाही तेच तं लफडं हाय. तुमच्या अंगात सगळ्यात जास्त काय हाय, सांगा? पानी. हा किरन हाड पाहाले निघते, पन जाता जाता पान्याचा कन फोडते. फुटलेला तुकडा मंग पिसाळते. त्याले एक इलेक्ट्रॉन कमी पडते, तो भेटंल त्याचा हिसकून घेते. कोनाचा? पेशीत तुमच्या मायबापाकडून आलेला जो डीएनए हाय नं, त्याचा. विळा पावसात राह्यला तं गंजते का नाही? तशातलंच हाय हे. ऑक्सिडेशन म्हंतेत त्याले.”

“मंग हिचं काय होईन?” माणिकरावांचं तंबाखू मळणं थांबलं.

“तिचं हाड पाहा लागते, तिचा फायदा हाय, म्हून तिले चालते. तुमचं काय मोडलं?”

माणिकराव बाहेर गेले आणि बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘आत पानी फुटते’ म्हणून सांगत राहिले. देवानंदने दार ओढून घेतलं.

हे ज्ञान ऐकीव नव्हतं. अकोल्याला दोन वर्षांचा डिप्लोमा करताना इंग्रजी पुस्तकातला तो एक धडा त्याने डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचला होता, आणि पुढेही जमेल तसं तो वाचत राहिला. डीएनएची चार अक्षरं असतात. त्यातलं जी नावाचं अक्षर सगळ्यात आधी बळी पडतं. त्याच्यावर ऑक्सिजन येऊन चिकटला की पेशी आपली नक्कल काढताना ते अक्षर चुकीचं वाचते आणि समोर भलतंच अक्षर बसवते. कधी किरण सरळ धाग्यावरच आदळतो आणि धागा तुटतो. पेशीत दुरुस्ती करणारी मंडळी असतात, ती बहुतेक चुका निस्तरतात. बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत. उरलेली चूक कुठे बसेल, तिचं पुढे काही होईल की नाही, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. आणि जिथे पेशी भराभर वाढत असतात तिथे चूक दुरुस्त व्हायच्या आत तिच्या नकला निघतात. पोटातलं लेकरू म्हणजे तेच.

एवढं सगळं कळणारा माणूस स्वतःच्या बाबतीत शहाणा असेल असं कोणालाही वाटेल. तो नव्हता. आणि लिहिताना मला राग येतो तो इथेच.

किरणांत काम करणाऱ्या माणसाला एक बॅज मिळतो. काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी, आत तीन चकत्या. छातीला लावायची, ॲप्रनच्या आत. अंगाला किती किरण लागले याची नोंद त्या चकत्या ठेवतात. दर तीन महिन्यांनी बॅज कुरियरने लॅबला जातात आणि नावानिशी आकडा येतो. साधी, चांगली व्यवस्था आहे, फक्त बॅज अंगावर पाहिजे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी देवानंदचा आकडा जास्त आला. कारण उघड होतं. लहान पोरं टेबलावर टिकत नाहीत, हातपाय झाडतात, आणि आईला धरायला सांगावं तर ती पोटुशी असायची शक्यता. म्हणून पोरांना तो स्वतःच धरायचा. लॅबकडून दवाखान्याला पत्र आलं, खुलासा करा म्हणून. त्या वेळी आताच्या डॉक्टरांचे वडील होते, थोरले डॉक्टर. त्यांनी पत्र वाचलं आणि अगदी मायेने म्हणाले, “देवानंद, बॅज आत कशाला नेतोस? काउंटरवर खिळा आहे ना, तिथं टांगत जा.” पोरं धरायला दुसरा माणूस द्यावा, मशीन तपासून घ्यावं, असलं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. देवानंद तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता, घरातला पहिला पगारदार. त्याने मान डोलावली आणि बॅज खिळ्याला टांगला.

तेव्हापासून चोवीस वर्षं त्याचा रिपोर्ट शून्य. काउंटरवरच्या भिंतीला किरण लागतीलच कसे? दर तिमाहीच्या फॉर्मवर ‘बॅज नियमित वापरला’ या ओळीखाली तो सही करत आला. पुढे पुढे त्याला त्यात खोटं काही वाटेनासं झालं. दवाखान्याची पद्धत म्हणजे पद्धत. तो लोकांवर ओरडत राहिला, दार लावत राहिला, आणि रोज सकाळी आपला बॅज धूळ पुसून परत खिळ्याला टांगत राहिला.

दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्या पुतणीला, समताला, दवाखान्यात लावून घेतलं. धाकट्या भावाची, रवीची ती थोरली मुलगी. तोच डिप्लोमा करून आलेली, हाताने हुशार, चिखलीतच दिलेली. तोवर दवाखान्यात सी-आर्म आलं होतं. ऑपरेशन चालू असताना हाड जागेवर बसलं की नाही ते पडद्यावर दाखवणारं, कमानीसारखं वाकलेलं हे मशीन. एक्स-रेच्या खोलीत निदान भिंतीमागे उभं राहून बटण दाबता येतं. सी-आर्मच्या वेळी तशी सोय नाही, टेबलाला लागूनच उभं राहावं लागतं, आणि पेशंटच्या अंगावर आदळलेले किरण चहूकडे उसळतात. अंगावर शिशाचा ॲप्रन, तेवढाच आडोसा. दवाखान्यात ॲप्रन दोन. एक डॉक्टरांचा, नवा, हलका. दुसरा निळा, जुना, अंगावर पोतं घेतल्यासारखा जड. तो समता घालायची, कारण देवानंदची कंबर धरली होती आणि सी-आर्मचं काम त्याने हळूहळू तिच्याकडे सोपवलं होतं.

या जानेवारीत एका दुपारी समता त्याच्याजवळ आली. पेशंट नव्हते.

“मोठेबाबा, मले तिसरा महिना सरला.”

देवानंद खूश झाला आणि पुढच्याच क्षणी त्याची खुशी उतरली. “डॉक्टरले सांगतलं?”

“सांगतलं. म्हटलं मले सी-आर्मवरून काढा. तं त्यायनं फाईल दाखवली. म्हणे दोन वर्षांचे तुहे सारे रिपोर्ट शून्य. मोठेबाबाचे चोवीस वर्षांचे शून्य. म्हणे काईच नाही, बिनधास्त काम कर, नाहीतर घरी बस बिनपगारी. मोठेबाबा, खरं हाय का, काईच नाही?”

देवानंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांवर, थोरल्यांवर, लॅबवर, सगळ्यांवर एकदमच. तो सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेला.

अविनाश डॉक्टर हाडं बसवण्यात वाकबगार माणूस. आवाज चढवत नाहीत, कोणाला अरे-तुरे करत नाहीत, आणि नेमकं त्यामुळेच त्यांच्याशी भांडता येत नाही.

“सर, ते रिपोर्ट समताचे नाहीत,” देवानंद म्हणाला. “ते खिळ्याचे हायेत.”

“म्हणजे?”

“म्हंजे तुमाले माहीत हाय. बॅज कधी आत गेलेच नाहीत. तुमचाबी ड्रॉवरमधी हाय.”

डॉक्टरांनी फाईल उघडून त्याच्याकडे फिरवली. “देवानंदभाऊ, ही सही कोणाची?”

देवानंदने पाहिलं. प्रत्येक पानावर त्याची सही, गोल, नीट, वळणदार. समताच्या फॉर्मवर ‘तपासले’ म्हणूनही त्याचीच.

“उद्या मी म्हटलं की मला काही माहीत नव्हतं, तर खोटं कोण ठरेल?” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “तिची काळजी मलाही आहे. ॲप्रन आहे ना? ॲप्रनमधून काही जात नाही, हे तुम्हीच शिकवता सगळ्यांना. घालून काम करायला काय हरकत आहे?”

देवानंद बाहेर आला. रिपोर्टचं तोंड त्याने स्वतःच बंद केलं होतं, आता उरला होता ॲप्रन. तेव्हा त्याला डिप्लोमातली आणखी एक गोष्ट आठवली, जी त्याने सव्वीस वर्षांत एकदाही केली नव्हती. शिशाच्या ॲप्रनचाही दरवर्षी एक्स-रे काढायचा असतो. आतलं शिसं धड आहे की नाही हे बाहेरच्या रेक्झिनवरून कळत नाही.

त्याने निळा ॲप्रन कपाटातून काढला, टेबलावर पसरला, भिंतीमागे गेला आणि बटण दाबलं.

पडद्यावर ॲप्रन पांढराशुभ्र उमटला. शिसं पांढरंच दिसतं. आणि त्या पांढऱ्यावर काळ्या रेघा होत्या. दोन आडव्या, एक उभी. उभी अगदी मधोमध, वरपासून खालपर्यंत. खालची आडवी पोटावर, बेंबीच्या जरा खाली, आणि जिथे ती उभीला छेदत होती तिथे शिसं इतकं तडकलं होतं की बोटभर जागा काळी ठिक्कर पडली होती. जिथे काळं तिथून किरण बिनधास्त आरपार.

या रेघा कशाच्या आहेत हे ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. त्या घडीच्या होत्या. ॲप्रन दांडीवर टांगायचा असतो, कधीही घडी घालायची नसते, घातली की शिसं मोडतं. पूर्वी एक दांडी होती, ती निखळून पडली. नवी लावा म्हणून देवानंदने दोनदा सांगितलं आणि मग सांगायचं सोडून दिलं. खुर्चीवर फेकलेला ॲप्रन त्याला बघवायचा नाही. आई सकाळी उठून गोधड्यांच्या घड्या घालायची, काठाला काठ लावून, तळहाताने दाबून. तशीच घडी तो रोज संध्याकाळी ॲप्रनची घालायचा आणि कपाटात ठेवायचा. नीटनेटका माणूस म्हणून दवाखान्यात त्याचं नाव होतं. ते शिसं त्याने आपल्या हाताने, दाबून दाबून मोडलं होतं.

देवानंदने स्वतःला अशी शिवी दिली की बाहेर औषधं लावत बसलेल्या फिजा सिस्टरने मान वर केली. मग त्याने फिल्म प्रिंट केली आणि ती घेऊन पुन्हा केबिनमध्ये शिरला. या वेळी आत पेशंट होते. अमडापूरकडचे कडूबा, हात गळ्यात बांधलेला. देवानंद थांबला नाही. भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावलेला कडूबाचा फोटो त्याने काढला आणि तिथे ॲप्रनचा लावला.

“सर, हे पोट पाहा.”

डॉक्टरांनी पाहिलं. कडूबांनीही मान लांब केली. “कोनाचं हाड हाय हे? लयच मोडलं,” ते म्हणाले.

“हाड नाही. हे आमच्या समताचं चिलखत हाय. तिसरा महिना सरला तिले. हे घालून ती या डॉक्टरच्या बाजूले उभी राह्यते, अन् हे म्हंतेत काईच जात नाही.”

“देवानंदभाऊ, दार लावा,” डॉक्टर म्हणाले.

“दार मी सव्वीस वर्सं लावून राह्यलो, सर. आज उघडं राहू द्या.”

बाहेरच्या बाकावरची माणसं ऐकत होती. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फार हळू आवाजात म्हणाले की समता आजपासून सी-आर्मला येणार नाही, भिंतीमागचंच काम करेल, सी-आर्म देवानंद बघेल. नवा ॲप्रन मागवू. दांडीही लावून घेऊ. “पण हे कागदावर काही नको,” ते म्हणाले. “घरातली गोष्ट आहे.”

घरातली गोष्ट! मागच्या चोवीस वर्षांत त्यांना हे घर आठवलं नव्हतं. देवानंदने फिल्म काढून बगलेत मारली आणि बाहेर पडला.

त्याच आठवड्यात तिमाहीचे बॅज लॅबला जायचे होते. देवानंदने दोन्ही बॅज खिळ्यावरून उतरवले, पाकिटात घातले, आणि फॉर्मवर सही करायच्या ऐवजी कोरा कागद घेतला. पेन कागदात रुतेल इतक्या रागाने त्याने लिहिलं. की या दवाखान्यातले बॅज चोवीस वर्षांत कोणाच्या अंगावर नव्हते. की जास्त आकडा आल्यावर थोरल्या डॉक्टरांनी ते बाहेर टांगायला सांगितलं. की आताच्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे. की आजवरचे शून्याचे सगळे रिपोर्ट रद्द समजावेत. सोबत ॲप्रनची फिल्म जोडत आहे. नोकरी जाणार हे त्याला दिसत होतं. जाऊ दे. पन्नाशी उलटल्यावर माणसाला एवढं तरी करता आलं पाहिजे, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर लिहून झाल्यावर त्याला बरंही वाटलं. बऱ्याच वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी समता काम आटोपून आली तेव्हा त्याने तो कागद तिच्यासमोर ठेवला. शाबासकीची अपेक्षा नव्हती असं म्हणणं खोटं होईल.

समताने उभ्यानेच वाचला. सावकाश, दोनदा.

“मोठेबाबा, आतापरेंत किती गेलं असंन माह्या अंगात?”

“जास्त नसंन,” देवानंद म्हणाला. “बहुतेक चुका पेशी दुरुस्त करतेत, तुले माहीत हाय नं. घाबरासारखं काई...”

“मी आकडा विचारून राह्यली.”

सोनोग्राफी चांगली येईल, बाळ धडधाकट होईल, देवानंदला तसंच वाटत होतं. पण तिने विचारलं होतं ते वेगळंच. या तीन महिन्यांत ती नऊ-दहा मोठ्या ऑपरेशनांना उभी राहिली होती. पहिले दोन महिने, जेव्हा बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा तर दिवस गेलेत हे तिलाही नीट ठाऊक नव्हतं. त्या दिवसांचा आकडा सांगणारी जगात एकच वस्तू होती, आणि ती काउंटरच्या भिंतीला लटकत होती.

“आकडा नाही,” तो म्हणाला.

“तुमाले थोरल्या डॉक्टरनं सांगतलं होतं, ते लिवलं तुमी.” समताचा आवाज चढला नव्हता. “मले कोनं सांगतलं?”

देवानंदने तिच्याकडे पाहिलं.

“पयल्या दिवशी मी बॅज लावून उभी होती. कॉलेजात शिकवलं तसा. तुमी म्हटलं, आपल्या इथं असं नसते पोरी. अन् काढून नेला. मी म्हटलं मोठेबाबाले आपल्यापेक्षा जास्त कळते.” तिने कागद टेबलावर ठेवला आणि पेन त्याच्या पुढ्यात सरकवलं. “डॉक्टरचं नाव लिवता येते तं हेबी लिवता येईन.”

देवानंदने पेन उचललं. मघाशी भराभर चाललेला हात आता चालेना. लोकांना तो जिंदगीभर खडसावत आला होता आणि आज त्याच्याकडे स्वतःसाठी एक धड वाक्य नव्हतं. मग त्याने लिहिलं. ‘समता हिने पहिल्या दिवशी बॅज लावला होता. तो मी काढून घेतला. यात काय धोका आहे हे मला ठाऊक होतं, पण पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर काढताना सांगतो तेवढंही तिला सांगितलं नाही. तिच्या पोटातल्या बाळाला किती किरण लागले हे आता कोणालाही कळणार नाही, याला मी जबाबदार आहे.’ खाली त्याने सही केली. फाईलमधल्या सह्यांसारखी ती वळणदार आली नाही.

समताने कागद वाचला, पाकिटात घातला आणि पाकीट आपल्या हाताने चिकटवलं. कुरियरचं दुकान सहाला बंद व्हायचं. “मी टाकते,” ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी न थांबता निघून गेली.